सकाळी सातचं चित्र

सकाळी पावणेसातला मी संगणकाचं बटण दाबते आणि श्वास रोखून उभी राहते. बसून वाट पाहणं मला जमत नाही. आधी आतून बारीक घरघर येते, मग ती वाढते, मग एकदाच 'टूक' वाजतं आणि पडदा उजळतो. एक टूक म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ तीन-चार वाजले आणि पडदा काळाच राहिला, तर समजायचं की ग्राफिक कार्डाने मान टाकली. या सगळ्याला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डोक्यात काय काय येऊन जातं ते लिहून काढलं तर लोक मला धरून दवाखान्यात नेतील.

"तू त्या पंख्याचं आयकतं, माह्यं नाही आयकत," असं आमचे हे म्हणतात. खरं आहे ते. कार्डावरच्या त्या चिमुकल्या पंख्याचा आवाज ज्या दिवशी बदलतो, त्या दिवशी मला चहाची चव लागत नाही.

अमरावतीत राजापेठेत बावीस वर्षं माझं लग्नपत्रिका आणि बॅनरच्या डिझाइनचं दुकान होतं. दुकान बंद केलं तेव्हा जुने संगणक कुणी घेईना, आणि मलाही ते भंगारात घालवेना. दोन अख्खे घरी आणले. बाकीच्यांची ग्राफिक कार्डं काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून, फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. पडद्यावर जे जे दिसतं ते हे कार्ड काढत असतं. माझ्या जुन्या संगणकांत चित्र दाखवायची दुसरी सोयच नाही, त्यामुळे कार्ड गेलं की बाकी सगळं धडधाकट असून मशीन आंधळं. म्हणून मी त्यांची बाळंतिणीसारखी काळजी घेते. पंख्याच्या कण्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, जुन्या टूथब्रशने धूळ, आणि सोनेरी पट्ट्या काळवंडल्या की शाळेतल्या खोडरबरने घासायच्या. नवीन कुठलंही अपडेट मी येऊ देत नाही, कारण एकदा ते आलं आणि त्याने कार्ड ओळखायलाच नकार दिला. आता पडद्याच्या कोपऱ्यात तसली सूचना दिसली की झुरळ दिसल्यासारखी दचकते.

एवढा जीव टांगणीला लावायचं कारण ताई.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला ऐकू येत नाही. चार वर्षांची असताना तापात कान गेले ते गेलेच. मोर्शीजवळ आमचा संत्र्याचा बगीचा होता, आणि अशा मुलीसाठी वेगळी शाळा असते हे तिथे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मग आईने, ताईने आणि मागून मी मिळून हातांची एक बोली तयार केली. संत्रं म्हणजे मनगट फिरवून फळ तोडल्यासारखं करायचं. आई म्हणजे कमरेवर घागर. मी म्हणजे नाक पुसणं, कारण लहानपणी माझं नाक बाराही महिने वाहायचं. आज पंचावन्नाव्या वर्षी घरात सगळे मला वचकून असतात, पण ताईच्या लेखी मी अजून शेंबडीच आहे. आई गेल्यावर ही बोली बोलणाऱ्या आम्ही दोघीच उरलो. तेल्हाऱ्याला तिच्या सासरी माणसं चांगली आहेत, पण जेवली का, झोपली का, यापलीकडे त्यांच्या खुणा जात नाहीत. दाजी जाऊन सहा वर्षं झाली. ताई पुढच्या दोन खोल्यांत एकटी राहते, मागे तिची जाऊ राहते. तिच्या मनातलं बाकी सगळं रोज सकाळी सात वाजता माझ्याकडे येतं.

मोबाईल का नाही, असं मला शंभर जणांनी विचारलं असेल. एका हातात मोबाईल धरला की ताईचा निम्मा आवाज बंद होतो. भिंतीला टेकवून ठेवला तर त्यात कंबर येत नाही, आणि आमची घागर तर कमरेवर. शिवाय मोतीबिंदू काढल्यापासून टीचभर पडद्यावरची बोटं तिला ओळखू येत नाहीत. म्हणून मागच्या दिवाळीत दुकानातला दुसरा संगणक आणि घरचा जुना मोठा टीव्ही गाडीत घालून मी तिच्याकडे नेला. वर कॅमेरा लावला. सात वाजले की तो आपोआप जोडला जाईल असं करून दिलं. पहिल्या दिवशी अमरावतीहून मी तिला पडद्यावर दिसले तेव्हा तिने टीव्हीच्या मागे जाऊन पाहिलं होतं.

होळीला पुन्हा गेले तेव्हा मी तिला दोन गोष्टी बजावल्या. त्या दोन्ही गोष्टी आठवल्या की आजही मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

पहिली अशी, की हे आतलं कार्ड शेवटचं आहे, हे बिघडलं की आपलं बोलणं संपलं. संपलं म्हणजे ओंजळ उलटी करून दाखवायची. मी तिच्या नाकासमोर ओंजळ दोनदा उलटी केली. खरं तर डब्यात आणखी सहा कार्डं होती. पण तिने जपून वापरावं म्हणून मी घाबरवून ठेवलं. मला स्वतःला भीती वाटत असली की ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, ही माझी जुनी खोड आहे.

दुसरी गोष्ट कूलरची. राजापेठेतल्या कुठल्याही दुकानात उन्हाळ्यात जाऊन बघा, कूलरचं तोंड मशीनकडे असतं आणि मालक घामाघूम होऊन बाजूला बसलेला असतो. जुनं कार्ड तापलं की गेलं, हे आम्हाला पाठ. बावीस उन्हाळे मी माझी कार्डं तशीच जगवली. तेव्हा ताईलाही सांगितलं, की ऊन वाढलं की कूलर थेट संगणकाकडे कर, हयगय करू नकोस. तिने मान हलवली.

मे महिन्यात सगळं बिनसायला लागलं. एका सकाळी मी तिला विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या? तिने हसून मान हलवली. मी पुन्हा विचारलं, किती? पुन्हा मान. वाटलं, झोप झाली नसेल. दुसऱ्या दिवशी मी विचारलं एक आणि तिने सांगितलं भलतंच, जावेने पापड लाटल्याचं. मग हळूहळू तिचं बोलणंच कमी झालं. समोर बसायची, हसायची आणि मी काहीही म्हटलं की मान हलवायची.

आणि मग मोर्शीची मावशी गेली. आईची धाकटी बहीण, आम्हा दोघींना अंगाखांद्यावर खेळवणारी; पाय मोडल्यापासून ती अंथरुणालाच होती. फोन आला तशी मी निघाले, ताईला मीच सांगेन म्हणून तेल्हाऱ्याला कुणाला कळवू दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन सातला ताईसमोर बसले. मावशीची खूण आहे चष्मा. मी डोळ्यांवर चष्मा केला आणि मग तळहात आडवा करून आभाळाकडे नेला, म्हणजे ती गेली. मला रडू आवरत नव्हतं. ताई माझ्याकडे बघत होती. ती हसली, आणि तिने दोनदा मान हलवली.

आमचे वडील शेवटच्या दोन वर्षांत असेच झाले होते. कुणाच्या मयताला हसायचे आणि आईला विचारायचे, तुमी कोणाच्या घरच्या? सुरुवात अगदी अशीच झाली होती, हसून मान हलवण्यापासून. मी संगणक बंद करायचंही विसरून दुपारपर्यंत तशीच बसून राहिले. यांनी समजावलं, "अवो, तिचं वय झालं. तू काहून इतलं मनाले लावून घेऊन राहिली?" म्हटलं, वय माझंही झालं आहे, मी हसते का मयताला?

पुढचे चार दिवस मी तिची परीक्षा घेतली. सांगायला लाज वाटते. मी तिला खुणेने म्हटलं, आपल्या संत्र्याच्या झाडाला म्हशी लागल्या. तिने मान हलवली. म्हटलं, आई काल बाजारात भेटली. मान हलवली. ताई, मी कोण आहे? तेव्हाही ती हसली आणि मान हलवली. मी पदराने डोळे पुसत पडदा बंद केला. माझ्या मनात तिचं सगळं ठरून गेलं होतं. आता ती मला विसरेल, मग खुणा विसरेल, आणि मग त्या बोलीत मी एकटी कुणाशी बोलू, याचाच विचार मी रात्रंदिवस करत होते.

अकोल्यात स्मरणशक्तीचे एक डॉक्टर आहेत असं कळलं. वेळ मिळाली ती पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची. बुधवारी सकाळी मी ताईला सावकाश, तीन-तीनदा समजावलं. उद्या, एसटीने, अकोला, स्टँडवर अकरा वाजता, मी येते. अकोल्याला ती नेहमी एकटी यायची-जायची. तिने मान हलवली. जावेला फोन करून सांगता आलं असतं, पण मी नाही केला. 'डोकं तपासायले नेऊन राहिले' एवढं वाक्य त्या घरात पडलं असतं तर ताईच्या हातची तिच्या खोल्यांची किल्ली दुसऱ्या दिवशी काढून घेतली असती, अशी माझी समजूत.

गुरुवारी अकोल्याच्या स्टँडवर मी साडेदहापासून उभी. ऊन असं होतं की बाकड्याला हात लावता येत नव्हता. तेल्हाऱ्याची एक गाडी आली, दुसरी आली. मी प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन उतरणाऱ्या बायकांची तोंडं बघत होते. तिसऱ्या गाडीतही ती नव्हती. कुठल्या तरी अध्यामध्या थांब्यावर उतरून ती भर उन्हात भटकते आहे, आणि कुणी हाक मारली तरी तिला ऐकू येत नाही, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. शेवटी जावेला फोन लावला.

"ताई? घरीच तं हाय. कुरड्या उनात वायू घालून राहिली. काहून व, काय झालं?"

मी फोन ठेवला आणि समोर लागलेल्या तेल्हाऱ्याच्या गाडीत चढले. दीड तास मी खिडकीला डोकं टेकवून बसले होते. जिवंत आहे म्हणून बरं वाटत होतं, पण ती विसरली हेही आता ठरल्यासारखंच होतं.

ताई अंगणात कुरड्या उलथत होती. मला बघताच तिने हातातलं टाकलं, नाक पुसलं, म्हणजे माझं नाव घेतलं, आणि धावत आली. "काहून आली व एवढ्या उनात?" तिच्या हातांना कुठेही अडखळायला झालं नाही. मी रागावलेच. म्हटलं, अकोला, गुरुवार, अकरा वाजता, तू हो म्हणालीस! तिने एकेक खूण नीट वाचली. तिच्या चेहऱ्यावर विसरल्याचा गोंधळ नव्हता. वडिलांचा तो चेहरा मी दोन वर्षं पाहिला आहे, मला ओळखू येतो. ताईने मान खाली घातली, जसं लहानपणी आईच्या हातची बरणी फोडल्यावर घातली होती. मग माझा हात धरून मला आत घेऊन गेली.

खोली थंडगार होती. कूलर भणभणत होता आणि त्याचं तोंड थेट संगणकाकडे होतं. ताईची खाट तिथे नव्हती. ती बाहेर पत्र्याच्या पडवीत होती, उशाला तांब्या आणि एक पुठ्ठा, वारा घ्यायला. तेल्हाऱ्याच्या मे महिन्यात, पत्र्याखाली.

तिने बटण दाबलं. टीव्हीच्या पडद्यावर गुलाबी आणि हिरवे चौकोन पसरले, त्यांच्यामधून आडव्या रेघा थरथरत होत्या. तिने मला दाखवलं की या चौकोनांत मी कशी दिसायचे: डोकं इथे, एक हात तिकडे, दुसरा हात नाहीच. माझी नक्कल करताना तिला हसूही आलं. मला नाही आलं. मला ती अमरावतीत लख्ख दिसत होती, म्हणून मी धरून चालले होते की तिलाही मी तशीच दिसते. कार्ड तिच्याकडचं बिघडलं की आंधळी ती होते, एवढी साधी गोष्ट, बावीस वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईला सुचली नाही.

मी संगणक उघडला. कार्डावर, पट्ट्यांवर, पंख्याच्या पात्यांवर पांढरा थर होता आणि कडांना हिरवट बुरशीसारखं काही. बोटाला लागलेलं पांढरं मी जिभेला लावून पाहिलं. खारट. वळून कूलरच्या जाळीकडे पाहिलं तर त्यातल्या गवतावर मिठाचे खडे जमलेले. हा खारपाणपट्टा. इथल्या बोअरचं पाणी गुरंही मुकाट्याने पीत नाहीत, नळाचं येतं ते पिण्यापुरतं. कूलरमध्ये बोअरचंच पाणी जाणार. आम्ही अमरावतीची गोड्या पाण्याची माणसं, कूलरच्या वाऱ्यात मीठ असू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी सांगितल्याप्रमाणे ताईने महिनाभर त्या कार्डावर खारं पाणी शिंपडलं होतं, आणि त्यासाठी स्वतः पत्र्याखाली भाजत राहिली होती.

"मंग सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

तिने बोट माझ्याकडे केलं, मग कार्डाकडे केलं, मग दोन्ही हातांची ओंजळ करून ती उलटी केली. अगदी मी होळीला केली होती तशी, दोनदा. मले वाटलं मीच बिघडवलं, तिचे हात म्हणाले. तुले सांगितलं असतं तं बंद झालं असतं. तू हालत तं होतीस. तू हाय एवढं दिसे.

मी खाली बसले. ती पाणी घेऊन आली, माझ्यासमोर बसली, आणि मी जरा शांत झालेली बघून तिने डोळ्यांवर चष्मा केला. मावशीचा पाय कसा हाय आता?

मावशीची तेरवीही होऊन गेली होती. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि मग माझ्या लक्षात आलं, की हात धरून ठेवले तर सांगू कशाने. मी हात सोडले आणि सांगितलं. ताईला रडताना आवाज येतो, तिला तो माहीत नसतो. तो ऐकून जाऊ धावत आली.

संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून कार्ड साफ केलं. जावेच्या नातीच्या कंपासमधला खोडरबर, माझ्या पर्समधला कंगवा, आणि दवाखान्यातून आणलेलं स्पिरिट. दोनदा लावलं तरी चौकोन गेले नाहीत. तिसऱ्यांदा गेले. मी कॅमेरा चालू केला आणि आम्ही दोघी टीव्हीत शेजारी-शेजारी बसलेल्या दिसलो. ताईने पडद्यातल्या मला नीट न्याहाळलं आणि गाल आत ओढून दाखवले. किती वायली व तू! मग मी तिला खरं सांगून टाकलं, की घरी डब्यात अशी आणखी सहा आहेत. ती माझ्याकडे बघत राहिली. एवढा वेळ ती कधी माझ्याकडे बघत राहिली नव्हती. नंतर तिने माझ्या दंडावर एक चापट मारली, आणि ती लागली.

निघताना मी कूलरचं तोंड खाटेकडे केलं, खाट आत आणली, आणि पुढच्या फेरीत डब्यातली दोन कार्डं तिच्याकडे नेऊन ठेवली. आणि एक नियम केला. रोज बोलणं झालं की मी बोटं दाखवायची आणि तिने माझ्याहून एक जास्त दाखवायचं. मी तीन, तिने चार. नुसत्या मान हलवण्यावर माझा आता विश्वास नाही. मी बोटं वर केल्यापासून तिची बोटं वर येईपर्यंतचा क्षण मला फार मोठा वाटतो. थोड्या दिवसांनी तिला हा खेळ आवडायला लागला आणि तीही शेवटी मला बोटं दाखवून तपासू लागली. मी म्हटलं, तपास बाई, तुझा हक्क आहे.

पोळ्याच्या आधी एका सकाळी माझ्याकडच्या पंख्याचा आवाज बदलला. घरघरीत मधूनच खर्रकन वाजत होतं. पण टूक एकच वाजलं, पडदा उजळला, सात वाजता ताई आली. ती काहीतरी मोठं सांगत होती, दोन्ही हात भरभर चालले होते. आणि तिच्या खांद्यापाशी एक गुलाबी चौकोन उमटला. मग दुसरा. बघता बघता हात गेले, कंबर गेली, चेहऱ्याचा निम्मा भाग हिरवा झाला. डबा कपाटावरच होता. उठून कार्ड बदलायला पंधरा मिनिटं लागली असती. तिला फक्त थांब म्हणायचं होतं.

मी उठले नाही. त्या चौकोनांत काहीतरी हलत होतं आणि ती ताई होती. मी हसले आणि मान हलवली. ती पुढे सांगत राहिली, मी मान हलवत राहिले. मग ते हलणं थांबलं, आणि पडद्याच्या मध्यावर काहीतरी वर आलं. तिची बोटं असावीत. किती, ते मला दिसत नव्हतं.

मी अंदाजाने चार बोटं वर केली.